उघाडीवर दोनच

जगन घरत बावीस वर्षं एकच काम करत होता. यार्डात कुठला डबा कुठे उभा आहे, हे तो सांगायचा. डबा म्हणजे कंटेनर. यार्डात त्याला कंटेनर कोणी म्हणत नाही, साहेब सोडून.

पनवेलवरून उरणच्या दिशेने निघालं की एका वळणानंतर हे यार्ड लागतं. बंदरातून आलेले अडीच-तीन हजार डबे तिथे ओळीने उभे असतात, एकावर एक, चार-चार. खालची जमीन जगनच्या गावची. जमीन गेली तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांत एकेक नोकरी आली. जगनला डबे शोधायची आली, त्याच्या चुलतभावाला, परेशला, डबे उचलायची. परेश स्टॅकर चालवतो. स्टॅकर म्हणजे लांब हाताचं चाकांवरचं यंत्र, ते अख्खा डबा उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतं.

कागदावर यार्डाचे भाग होते, एपासून एफपर्यंत. रंगाने जमिनीवर लिहिलेलेही होते, पण टायरांखाली रंग टिकला नाही आणि कोणाला त्याची आठवण झाली नाही. वॉकी-टॉकीवर सगळी शेतांचीच नावं चालायची. मोठी खार. दादूचा बांध. चिंचेखाली. चिंच तोडून वीस वर्षं झाली होती. एका भागाला घरताचा तुकडा म्हणायचे. तो जगनच्या बापाचा. जगनला तिथून जाताना काही वाटत नसे. सुरुवातीला वाटायचं, मग डबे मोजता मोजता ते वाटणं राहून गेलं.

मागच्या वर्षी यार्ड दुसऱ्या कंपनीने घेतलं. नवे मॅनेजर निकेशसर आले. त्यांनी डबे शोधणाऱ्या चौघांना बोलावून चहा दिला.

"यार्ड आता सिस्टिमवर जाणार," ते म्हणाले. "डबा कुठे ठेवायचा, कुठून काढायचा, सगळं सिस्टिम ठरवणार. स्टॅकरमध्ये स्क्रीन बसेल. तुम्हा चौघांपैकी एक जण ऑफिसात स्क्रीनवर राहील. बाकीच्यांचं बघू. ज्याला यार्ड जास्त माहीत, त्याला चान्स जास्त."

चौघांनी चहा संपवला. यार्ड सगळ्यात जास्त कोणाला माहीत आहे, हे चौघांनाही माहीत होतं. जगनला तेव्हा वाटलं की आपण राहू. त्याला फक्त यार्डात राहायचं होतं. घरी बसून काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

पुण्याहून रंजिता नावाची मुलगी आली, हातात टॅब घेऊन. दोन आठवडे जगन तिच्याबरोबर यार्ड फिरला. तो नाव सांगायचा, ती नंबर द्यायची. मोठी खार, ए एक ते ए बारा. दादूचा बांध, सी तीन. गणू भोईर हा चौघांतलाच एक. तो सावलीतून ओरडायचा, "काय रं जगन, पोरीला जमीन दाखवतंस? सोयरीक जमवाची हाय कं?"

"तुझ्या घरी दाखवाला जमीन तरी उरली हाय कं?" जगन म्हणायचा.

रंजिता हसायची आणि पुढचा नंबर घ्यायची.

ई भागाच्या टोकाला ते एका सकाळी पोचले. कुंपणापलीकडे खाडी होती, चिखलात दोन बगळे उभे होते.

"हे काय म्हणायचं, काका?"

"उघाडी."

"उघाडी म्हणजे?"

"म्हणजे खाडीच्या पाण्याची झडप. लाकडाची. ओहोटी आली का शेतातलं पाणी बाहेर जाचं, भरतीला मिटाची. इथंच व्हती. आमी लहान असताना इथं निवट्या पकडाचो."

"निवट्या?"

"मासे. चिखलात उड्या मारतात."

"छान," ती म्हणाली आणि लिहिलं, ई सात. टॅबवर शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो रिकामा राहिला.

उघाडीच्या जागी जमीन बसते. भराव कितीही टाका, खाली पाण्याची जुनी वाट आहे. तिथे दोनावर तिसरा डबा बावीस वर्षांत कोणी ठेवला नव्हता. ठेवू नका, असं कोणी कोणाला सांगितलंही नव्हतं. परेशचा बाप आणि जगनचा बाप भरतीच्या दिवसांत त्या झडपेवर पाळीने राखणीला बसायचे. स्टॅकरवरचे सगळे याच दोन-तीन गावांचे. उघाडी म्हटलं की त्यांना पुढचं सांगावं लागत नसे, म्हणून जगनने रंजितालाही पुढचं सांगितलं नाही. त्याने काही लपवलं नाही. सांगायचं असतं हेच त्याच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या महिन्यात सिस्टिम सुरू झाली. पहिल्या दिवशी वॉकी-टॉकीवर थोडा आवाज झाला, दुसऱ्या दिवशी कमी, आठवड्याने काहीच नाही. यंत्रं फिरत राहिली, डबे उठत-बसत राहिले. चौघे ऑफिसच्या बाकावर बसून असत. मग दोघांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. जगन आणि गणू उरले. त्यांच्यातला कोण राहणार, हे निकेशसर शनिवारी सांगणार होते.

मंगळवारी जगन उठून यार्डात चक्कर मारायला गेला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं, पाय जात होते. ई भागाच्या टोकाला तो थांबला.

उघाडीवर चार डबे होते. शेजारच्या ओळीतही चार. दोन्ही ओळींमधली फट खाली रुंद होती आणि वर हात जाईल एवढीच उरली होती. सगळ्यात खालच्या डब्याचा एक कोपरा जमिनीत गेला होता आणि त्याच्याभोवती पाणी आलं होतं. पाऊस नव्हता. पाणी खालून आलं होतं.

समोरून परेशचा स्टॅकर आला, पलीकडच्या ओळीतला डबा उचलून गेला. थोड्या वेळाने परत आला, परत गेला.

जगन उभा होता. हे डबे पडले तर काय होईल, ते त्याला दिसत होतं, पण दूरवर दुसऱ्याच्या शेतात काही चालावं तसं. मग लोक धावतील. मग निकेशसर विचारतील, इथलं कोणाला माहीत आहे? गणूला उघाडी माहीत असली तरी तो बोलणार नाही. जगन बोलेल. शनिवारच्या आतच कोण राहणार ते ठरून जाईल. हा विचार आला, तेव्हा त्याला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. परेश तिसऱ्यांदा आला. त्याच्या केबिनची काच त्या ओळीपासून दहा हातांवर होती. परेशने काचेतून जगनला पाहून हात केला.

तेव्हा जगन पुढे झाला आणि त्याने दोन्ही हात वर करून यंत्र थांबवलं.

"काय झाला, दादूस?" परेशने दार उघडलं.

"उघाडीवर चार कोनी ठेवलं?"

"मीच ठेवलं."

"तुना म्हाईत नाय?"

"म्हाईत हाय की. पन स्क्रीन बोलला चौथा ठेव. नाय ठेवला तर लाल होतो. तीनदा लाल झाला का वर बोलवतात." परेशने तोंड पुसलं. "मना वाटला, तुनी त्यांना सांगितला असंल. खाली काय तरी पक्का केला असंल. तूच फिरत व्हतास ना त्या पोरीसंग?"

"मी नाय सांगितला."

"का?"

जगनने जमिनीत गेलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. परेशने एकदा डब्यांकडे पाहिलं, मग यंत्र मागे घेतलं. त्याने वॉकी-टॉकीवर ऑफिसला कळवलं.

दुपारपर्यंत ते डबे दुसऱ्या बाजूने काढले. एकही पडला नाही. शेवटचा उचलला, तेव्हा त्याच्या जागी चौकोनी खड्डा होता आणि खड्ड्यात पाणी.

निकेशसर हेल्मेट घालून आले. त्यांनी खड्डा पाहिला, फोटो काढला. "जगनभाऊ, हे माहीत होतं तर इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कोनी इचारला नाय," जगन म्हणाला. हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं, ते त्यालाही कळत होतं.

सरांनी रंजिताला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने ई सातला कमाल उंची दोन अशी नोंद केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"काका," ती म्हणाली, "असं अजून काही आहे का यार्डात? तुम्हाला माहीत असलेलं, पण कुठे लिहिलेलं नाही?"

सर जगनकडे बघत होते. परेश बघत होता. जगनला कळलं की हेच शेवटचं आहे आणि हे दिलं की त्याच्याजवळ काही राहणार नाही. त्याने थोडा विचार केला. मग ओळीने सांगितलं. चिंचेखाली उताराला डब्याची दारं वरच्या बाजूला ठेवायची. मोठ्या खारीत अमावास्या-पुनवेला खाडीकडची ओळ रिकामी ठेवायची, पाणी चढतं. घरताच्या तुकड्यात मधोमध जुनी विहीर आहे, बुजवलेली, तिथे एकावर दुसरा नको. ती लिहून घेत होती. सांगताना त्याचा आवाज सरळ होता, तो रोज वॉकी-टॉकीवर बोलायचा तसा.

"थँक यू, काका. खूपच मदत झाली," ती म्हणाली.

शनिवारी निकेशसरांनी त्याला आत बोलावलं. "ऑनेस्टली सांगतो, तुमच्यामुळे सिस्टिम कम्प्लीट झाली. आता ऑफिसात स्क्रीनवर माणूस बसवायची गरज नाही, ते पुण्याहून बघतील. गणूला येऊ नको म्हणून सांगितलंय. पण तुम्हाला मी असं पाठवणार नाही. मेन गेटवर व्हिजिटर येतात, त्यांना हेल्मेट द्यायचं, परत घ्यायचं. ते करा. फक्त यार्डात जायचं नाही, इन्शुरन्सचा प्रश्न असतो."

"बरं," जगन म्हणाला.

बाहेर बाकावर गणू आपली पिशवी आवरत होता. "तुना ठेवला?"

"गेटवर."

"सगला सांगून टाकलास ना?"

"हो."

"मी पन सांगितला असता," गणू म्हणाला. "पन मना तेवढा म्हाईत नव्हता." तो हसला आणि गेला.

जगन घरी आला. गावात त्याचं घर आता तीन मजली आहे, वरचे दोन भाड्याने. रंभा, त्याची बायको, चुलीपाशी नाही, गॅसपाशी उभी होती.

"काय बोलले?"

"ठेवलं."

"यार्डात?"

"गेटवर. हेल्मेट द्याचं."

"उन्हात कं सावलीत?"

"सावलीत. टपरी हाय तिथं."

"मंग बरं हाय." तिने ताट वाढलं. "हात धू."

त्याने हात धुतले. नळ बंद केल्यावरही तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग येऊन जेवायला बसला.