काकांवर गेलेली

भैरवी तेरा वर्षांची असताना तिच्या आत्येबहिणीचं लग्न झालं. मंगल कार्यालयात फोटोग्राफरनं घरच्यांना स्टेजवर बोलावलं, तशी तीही आईबाबांसोबत चढली. तिचे मोठे काका मनोहरराव पुढं आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू खाली थांब. घरच्यांचा फोटो हाय. रक्त वेगळं असलं का चेहऱ्यावर दिसतेच."

भैरवी चालायलाही लागली नव्हती तेव्हा श्रीधर आणि अरुंधतीनं तिला दत्तक घेतलं होतं. हे त्यांनी तिच्यापासून कधी लपवलं नाही. श्रीधर शाळेत क्लार्क होता. मोठ्या भावापुढं त्याचा आवाज फुटत नसे, त्या दिवशीही फुटला नाही. तो तिचा हात धरून खाली उतरला, एवढंच.

खालून ती काकांकडे बघत राहिली. या माणसाचंच सगळं घ्यायचं, असं तिनं तिथंच ठरवलं.

मनोहररावांचं लकडगंजला प्लायवूडचं दुकान होतं. शाळा सुटली की काहीतरी निमित्त काढून ती तिथं जाऊन बसायची. उत्तर देण्याआधी काका डाव्या कानाची पाळी ओढत. उभे राहिले की हात उलटा करून कमरेवर ठेवत. हसताना आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. घरी येऊन भैरवी आरशासमोर हे सगळं करून बघायची. सुरुवातीला सोंग वाटायचं. कॉलेज संपेपर्यंत ते तिच्या नकळत व्हायला लागलं, आणि पुढं नोकरीला लागल्यावर मिहानमधल्या ऑफिसात तिच्या कान ओढण्यावरून मैत्रिणी तिला चिडवू लागल्या.

मग मनोहररावांच्या मुलाचं, पुष्करचं लग्न आलं. पुष्कर सगळा आईवर गेलेला, बोलायलाही तसाच घाईचा. भैरवी मांडवाच्या दाराशी पाहुण्यांचं स्वागत करत उभी होती, उलटा हात कमरेवर. वर्ध्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं तिला निरखून पाहिलं आणि विचारलं, "मनोहरची पोरगी का वं तू?"

भैरवीनं कान ओढला. नाही म्हणाली नाही. नुसते खांदे हलवून हसली.

जेवणाच्या पंगतीपर्यंत ते चार जणांनी ऐकलं होतं. पंधरवड्यानं लग्नाचा व्हिडिओ आला. मनोहररावांची बायको जिजाबाई तो बघायला बसली, तेव्हा एकाच चौकटीत नवरा आणि पुतणी सारख्याच ढबीत उभे दिसले. तिनं तो भाग पुन्हा लावला. भैरवीचा जन्म झाला त्या सुमारास नवरा मालासाठी सारखा रायपूरला जायचा, हे तिला आठवलं. आणि दत्तक घेण्याला सगळ्यांत जास्त विरोध त्यानंच केला होता. तो काहून केला असेल, याचं उत्तर तिला आता सापडलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली.

महिनाभरानं मनोहरराव हुडकेश्वरला भावाच्या घरी आले. भैरवी एकटीच होती. काकूला एकदा नीट समजावून सांग, असं ते म्हणाले. हवं तर दोघंही रक्ताची तपासणी करून घेऊ, असंही म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. तो आवाज ऐकायची वाट तिनं इतकी वर्षं पाहिली होती. तिनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मी कोण सांगणारी, काका? मी तर घरची नाही," ती म्हणाली. "अन् तपासणी कायले पाहिजे? रक्त चेहऱ्यावर दिसतेच."

ते उठले. ती गच्चीवर गेली आणि त्यांची गाडी गल्लीतून वळेपर्यंत बघत राहिली. इतकं गोड तिला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

तो गोडवा आठवडाभर टिकला. लोक काय बोलतात ते श्रीधरच्याही कानावर गेलं. त्याला खरं काय ते माहीतच होतं, आणि पोरगी काय करून राहिली हेही त्यानं ओळखलं. तो रागावला नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाला, "त्याचं सारं घेतलं तू. माझं काहीच घ्यावं वाटलं नाही का वं तुले?"

दुसऱ्या दिवशी भैरवी जिजाबाईकडे गेली आणि सगळं खरं सांगितलं: तो फोटो, ते दुकान, तो आरसा. जिजाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यानं पाठवलं न तुले?" ती म्हणाली. "खोटं बोलताना तोही असाच कान ओढते."

भैरवीनं हात खाली घेतला, पण उशीर झाला होता.

जिजाबाई आता पुष्करकडे राहते. मनोहरराव दुकानात हात खिशात घालून उभे असतात. कान ओढणं त्यांनी सोडलं आहे, आणि जुनी गिऱ्हाइकं तब्येत बरी नाही का म्हणून विचारतात. हे कळलं तेव्हा भैरवीला बरंच वाटलं. काकांसाठी तिचा जीव आजही तुटत नाही.

रविवारी ती श्रीधरसोबत भाजी आणायला जाते. तो भेंडी एकेक करून मोडून बघतो, ती पिशवी धरून उभी राहते. जेवताना त्यानं जे विचारलं, त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत.