काम पूर्ण झालं असं समजू का?

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही काम नुसतं केलं नाही. आधी ते काम सुरू करत, मग थांबवत, मग ते कुणाच्या परवानगीनं सुरू झालं होतं याची चौकशी करत, आणि एवढं होऊन वेळ उरलाच तर ते पार पाडत. पण एकदा पार पाडलं की त्या कामाची काय बिशाद होती त्यांच्या हातून अर्धवट सुटायची! ज्याच्यासाठी ते केलं त्याच्यासमोर उभं राहून ते विचारत, "काम पूर्ण झालं असं समजू का?" समोरच्यानं तोंडानं 'हो' म्हणेपर्यंत ते हलत नसत. मान हलवलेली त्यांना चालत नसे. मान हलवण्याचे दोन अर्थ निघतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दारात आलेल्या भाजीवाल्यापासून लग्न लावून दमलेल्या भटजींपर्यंत सगळ्यांना या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलेलं मी पाहिलं आहे. भटजींनी तर घाबरून पुन्हा एकदा अक्षता टाकल्या होत्या.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. पुंडलिकनगरातल्या आमच्या तीन मजली इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर, ते दुसऱ्या. तिसऱ्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक मावशी एकट्या राहायच्या. साडू औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात 'सिस्टिम' नावाच्या खात्यात होते. तिथे नेमकं काय चालतं हे ताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, शेवटपर्यंत कळलं नाही. "ते कारखान्यात काय बनवतात गं?" असं कुणी विचारलं की ताई म्हणायच्या, "बाण. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाणारे."

त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. कारखान्याला कागदावरच्या सह्या बंद करून सगळा कारभार संगणकावर न्यायचा होता आणि त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं हे ठरवण्याचं काम साडूंकडे आलं होतं. बाजारात दोन घराणी होती. एक वर्कफ्लो ऑटोमेशनचं आणि दुसरं बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंटचं, म्हणजे साडूंच्या लाडक्या बीपीएमचं. दुसरा एखादा माणूस महिनाभरात दोन्ही बघून मोकळा झाला असता. साडूंनी त्यांची तुलना करण्यात नोकरीची शेवटची सगळी वर्षं घातली. तुलना कारखान्यापुरती राहिली असती तरी चाललं असतं, पण ती संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायची आणि आमच्या चहात पडायची.

"हे बघा साडूभाऊ," ते कपाकडे बोट दाखवून सांगायचे, "चहा उकळला की गॅस आपोआप बंद झाला, कप भरले गेले, तुम्हाला हाक गेली. हे ऑटोमेशन. एक काम संपलं की ते दुसऱ्याला पुढं ढकलतं. झटपट. पण चहा कुणासाठी, साखर कुणाला चालत नाही, दूध नासलं तर काय करायचं, आणि पाहुणा चहा न घेताच उठून गेला तर तो का गेला, हे सगळं पहिल्यापासून शेवटापर्यंत कुणाच्या तरी नजरेखाली असणं, हे बीपीएम."

"आणि तेवढ्यात," ताई आतून म्हणायच्या, "पाहुणा हर्सूलच्या जेलात शिक्षा भोगून, सुटूनसुद्धा आलेला असतो."

पुण्याहून सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्या तरुण मंडळींमध्ये त्यांची दहशत होती. त्यांनी सांगितलेला एक संवाद मला अजून आठवतो. ऑटोमेशनवाल्याला त्यांनी विचारलं, "सही करणारा साहेब रजेवर असेल तर तुमचं सॉफ्टवेअर काय करतं?" तो म्हणाला, "रिमाइंडर पाठवतं, सर." "कुणाला?" "सही करणाऱ्या साहेबांना." "ते रजेवर आहेत." पोरगा संगणकाची दोन बटणं दाबून म्हणाला, "मग सर, परत रिमाइंडर पाठवतं." बीपीएमवाला आला तो भिंतभर आकृती घेऊन. तिच्यात रजेवरच्या साहेबासाठी वेगळी चौकट होती, आजारी साहेबासाठी वेगळी होती, आणि हयात असून सही न करणाऱ्या साहेबासाठी तर तीन होत्या. त्या दिवशी साडू मोहरून घरी आले. लग्न ठरल्याच्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा असा नव्हता, असं ताईंनी मला खाजगीत सांगितलं.

मी कॉलेजात ग्रंथपाल. माझ्याकडे पुस्तक जातं आणि परत येतं, एवढीच काय ती प्रक्रिया, असं मी त्यांना एकदा सहज म्हणालो. त्यांनी लगेच विचारलं, "आणि परत न आलेलं?"

"दंड लागतो."

"दंड म्हणजे ऑटोमेशन झालं. तो वाचक का आला नाही, हे बघायला कुणी त्याच्या घरी जातं का?"

ग्रंथपाल घरी यायला लागला तर लोक वाचनच सोडून देतील, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. खिशातला खडू चाचपत राहिले. खडू त्यांच्या खिशात कायम असायचा, कारण आकृती कुठे काढावी लागेल याचा नेम नसे.

मग ते कोरडे उन्हाळे आले. शहर चहूबाजूंनी वाढत चाललं होतं. कालपर्यंत ज्वारी उभी असलेल्या जागी प्लॉटचे दगड रोवले जात होते, प्रत्येक प्लॉटवर बोअर पडत होतं आणि प्रत्येक बोअर आधीच्यापेक्षा खोल जाऊन धूळ ओकत होतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही त्याच्या मनात आलं तर. सोसायटीनं टँकर लावला आणि जिन्यात भांडणं सुरू झाली. कुणी आधी भरलं, कुणी पिंप भरून वर टब भरला, यावरून एकमेकांच्या घरी तिळगूळ देणारी माणसं एकमेकांच्या बादल्या मोजायला लागली. अशा वेळी साडू बैठकीत उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हा प्रश्न पाण्याचा नाही. प्रक्रियेचा आहे." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण भांडून सगळेच थकले होते, म्हणून एक टँकर त्यांच्या पद्धतीनं उतरवून बघायचं ठरलं.

त्यांनी पार्किंगच्या फरशीवर, फाटकापासून टाकीच्या झाकणापर्यंत, खडूनं आकृती काढली. टँकर आला, ही पहिली चौकट. मग पाणी तपासणं, मग सेक्रेटरींची मंजुरी, मग झाकण उघडणं, मग वाटप. ज्याची गरज जास्त त्याला आधी, आणि शेवटी प्रत्येक घरातून 'मिळालं' असं उत्तर. आकृती सुंदर झाली होती. पोरं दोन दिवस तिच्यावर लंगडी खेळली.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हर सोयगावकडचा. घरी पूर्वी मेंढरं होती, आता चाकं होती, असं तोच सांगायचा. त्यानं पाइप खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "साहेब, झाकण उघडा. टाकतो अन् निघतो. लई घरं राहिलीत."

"थांबा. मंजुरी यायची आहे."

"कुणाची?"

"सेक्रेटरींची."

"ते कुठं हायत?"

सेक्रेटरी भाच्याच्या लग्नाला सोयगावलाच गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. ड्रायव्हरनं पाइप खाली ठेवला. "मंग आता पंगत उठल्याबिगर काय मंजुरी येत नाय बघा. आमच्याकडची पंगत हाय, चार वाजंस्तोवर उठत नाय."

साडू अजिबात डगमगले नाहीत. सेक्रेटरी नसतील तर काय, याची चौकट त्यांनी काढलेली होतीच. ती शोधत ते खडूच्या रेघेवरून चालत गेले. सेक्रेटरी नसतील तर अध्यक्षांकडे जा, असं तिथे लिहिलं होतं. अध्यक्ष घर विकून गेल्यापासून ते पद रिकामं होतं. पद रिकामं असेल तर, पुढची चौकट सांगत होती, सेक्रेटरींकडे जा. साडू सेक्रेटरींकडे आले. तिथून अध्यक्षांकडे गेले. तिथून परत सेक्रेटरींकडे. भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, ते त्या गोलात फिरत राहिले आणि अख्खी इमारत जिन्यात बादल्या घेऊन त्यांच्याकडे बघत राहिली. ताई वरून ओरडल्या, "अहो, नारळ तरी घ्या हातात, प्रदक्षिणा घालताय तर!"

ड्रायव्हरनं पाइप गुंडाळला. "तुमचं ठरलं की फोन करा साहेब. पाण्याला दम नाय," असं म्हणून तो भरला टँकर शेजारच्या सोसायटीत घेऊन गेला. भिंतीपलीकडून पाणी पडल्याचा आवाज आम्हाला बराच वेळ ऐकू येत होता.

त्या रात्रीच्या बैठकीत साधी पद्धत एकमतानं मंजूर झाली. टँकर टाकीत रिकामा झाला की सगळ्यांच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जाणार, "पाणी आले आहे, खाली या." मजल्यांची पाळी ठरलेली, बादल्या ठरलेल्या. बाजूनं वर झालेल्या हातांत एक हात साडूंचा होता. आणि खरं सांगायचं तर पद्धत झकास चालली. फोन वाजायचे, दारं उघडायची, अर्ध्या तासात सगळं शांत. लोकांनी साडूंना चिडवण्यापुरतं त्यांचं बीपीएम आठवणीत ठेवलं. "काय साहेब, आज दाढीला मंजुरी आली का?" असं जिन्यात कुणीही विचारायचं. कारखान्यानं त्याच सुमाराला दोन्ही सॉफ्टवेअर विकत घेतली आणि ती एकमेकांना रिमाइंडर पाठवायला लागली. साडू निवृत्त झाले.

एके दिवशी पाणी भरून झाल्यावर ते माझ्या दारात आले. हातात बादली, कपाळावर आठी. "साडूभाऊ, वरच्या मावशींनी पाणी भरलं का?"

"मेसेज तर सगळ्यांनाच जातो."

"जातो. मी ते विचारलं नाही."

मावशींना टँकरच्या दिवशी जिन्यात पाहिल्याचं मलाही आठवेना. आम्ही दोघे वर गेलो. मावशींचा मोबाईल देवघराच्या फडताळात, फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. मुलाचा फोन यायचा त्या रविवारीच तो बाहेर निघायचा. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणं तर कधीच बंद झालं होतं. कामवाली येताना कळशीभर पाणी आणायची, त्यावर त्यांचं भागत होतं. भांडी त्या ओल्या फडक्यानं पुसून ठेवत होत्या. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात तुळशीची कुंडी तेवढी ओली होती.

"सांगायचं नाही का मावशी?" साडू म्हणाले.

"कुणाला सांगू? तुम्हाला सांगितलं तर इमारतभर होणार. मग ते पुण्याला मुलाच्या कानावर जाणार. तो तर टपूनच बसलाय, पाणी नाही का, मग चल, घर बंद कर. एकदा कुलूप लागलं की मी काय परत येत नाही इथं." मग एकदम शाळेतल्या आवाजात, "आणि तुम्ही ती खडूची रांगोळी काढली होती ना? माझ्या खिडकीतून दिसत होती. चुकीची होती. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, घरोघर विचारणे. कोण विचारणार, ते लिहिलंच नव्हतं."

साडूंचे कान लाल झाले. ते खाली आले आणि दोन बादल्या भरून वर घेऊन गेले.

त्या दिवसापासून मेसेज आला की ते आधी मावशींच्या बादल्या भरत, मग स्वतःच्या. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी बादल्या टेकवत, लिफ्ट न बांधणाऱ्या बिल्डरचा उद्धार करत आणि पुढे निघत. मी मदतीला जायला लागलो तर त्यांनी हात आडवा केला. "दोन माणसं आली की जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो." वर पिंपात पाणी ओतून झालं की जिन्यापर्यंत तो प्रश्न ऐकू यायचा, "काम पूर्ण झालं असं समजू का?" आणि मावशींचा आवाज यायचा, "समजा." एखाद्या दिवशी त्या मुद्दाम नुसती मान हलवत. मग साडू तिथेच उभे. "तोंडानं, मावशी." "अहो, झालं म्हटलं ना!" "म्हटलं नाहीत. मान हलवली." त्यांची ही शाळा बराच वेळ चालायची आणि खाली ताई पोळी तव्यावर टाकायची थांबून राहायच्या. मावशींचं घर उघडं राहिलं. मुलगा दर रविवारी विचारायचा, पाणी येतं का? त्या म्हणायच्या, "अगदी दारात येतं."

पुढे चांगला पावसाळा झाला, टँकर बंद झाले, आणि त्या हिवाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झालेले साडू उठलेच नाहीत. ज्या माणसानं कोथिंबीर आणायलाही कधी परवानगीशिवाय पाऊल उचललं नाही, तो असा कुणालाही न विचारता निघून गेला. ताई रडता रडता हेच म्हणत होत्या. गेले काही महिने मी हे लिहायला बसतो आणि एखादं वाक्य लिहून उठतो. ते असते तर त्यांनी मला विचारलं असतं, मध्येच का थांबलात, आणि त्यासाठी चौकट काढली आहे का.

यंदा उन्हाळा पुन्हा कडक निघाला, टँकर सुरू झाले. परवा फोन वाजला, पाणी आले आहे, खाली या. अख्ख्या इमारतीत एकदम दारं उघडली. मी जिन्यात आलो तर ताई दुसऱ्या मजल्यावर कठड्याशी उभ्या होत्या, साडूंच्या दोन बादल्या घेऊन. त्यांनी बादल्या पुढे केल्या. मी भरल्या आणि वर निघालो. कठड्याशी टेकवल्या, बिल्डरच्या नावानं पुटपुटलो, आणि पुन्हा उचलल्या.

मावशींनी दार उघडलं. मी पिंपात पाणी ओतलं आणि रिकाम्या बादल्या घेऊन वळलो. दार लागल्याचा आवाज येईना म्हणून मागे पाहिलं. मावशी उंबऱ्यात तशाच उभ्या होत्या, वर्गातल्या मुलाचं उत्तर यायची वाट बघावी तशा.

मला कळलं. बादल्या खाली ठेवल्या. मग विचारलं, "मावशी, काम पूर्ण झालं असं समजू का?"

त्यांनी मान हलवली नाही. मागे वळून पिंपाकडे पाहिलं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज काम राहू द्या तसंच, अपुरं."