गुलाबाच्या वाफ्याखाली

मुलांनो, तुमचे बाबा रेगेन्सबर्गचं घर विकायला काढताहेत असं कळलं, म्हणून हे आताच लिहिते. ते घर घेण्याआधी बागेत हीटिंगच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली नाही ना, हे बघायला एक माणूस धातू शोधायचं यंत्र घेऊन आला होता. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास सुटला होता. गुलाबाच्या वाफ्याशी यंत्र किंचाळलं, तसे घरमालक आजोबा घाईनं पुढे येऊन जर्मनमध्ये काहीतरी बोलले. "आई, ते म्हणतात, टाकी नाही, तिथे त्यांची कुत्री पुरली आहे," तुमच्या बाबांनी सांगितलं. "विकणारा काहीही सांगेल रे! खणायला लाव." "अहो आई, राहू द्या ना," तुमची आई म्हणाली, पण मी हटले नाही. हातभर खाली पत्र्याची पेटी लागली. झाकण सरकलं आणि आत लोकरी शालीवर गळ्याचा पट्टा दिसला. आजोबांनी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघे टेकून स्वतःच झाकण बसवलं आणि हातांनी माती लोटली. मला जर्मन येत नव्हतं, पण जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला 'सॉरी' तरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. त्या बागेत टाकी कधीच नव्हती. पेटी अजून तिथेच आहे.