याल्मारची बाळरजा

स्वीडनमधल्या आमच्या गावात बाप लोक बाळासाठीची रजा बरोबर ऑक्टोबरात घेतात. त्याच महिन्यात मूस हरणांची शिकार सुरू होते, हा निव्वळ योगायोग आहे असं सगळे बाप शपथेवर सांगतात. बायकांना काय ते कळतं.

लाकूडगिरणीतल्या याल्मारनेही हेच जुळवलं होतं. रजेचे पहिले महिने बायकोने, गुनिलाने काढले, पुढचे याच्या वाटणीचे. ती सोमवारी दवाखान्यात कामावर रुजू होणार आणि शिकारही त्याच दिवशी सुरू होणार. शिकारीतली याल्मारची जागा म्हणजे तळ्याकाठचा खडक, थेट वडिलांपासून चालत आलेला. हा गेला नाही तर तिथे मेहुणा रुने बसणार, या विचारानेच त्याला जेवण जाईना. म्हणून तो आईकडे, म्हणजे सिग्नेआजींकडे गेला.

"आई, बाळाला फक्त सकाळपुरतं ठेव ना."

"रजा कुणी घेतलीय? तू की मी?"

"अगं, पण खडक…"

"मग खडकालाच दूध पाज!" सिग्नेआजी म्हणाल्या. "तुझ्या बापाने तुला पहिल्यांदा कडेवर घेतलं तेव्हा तू शाळेत जात होतास. पळ!"

सोमवारी गुनिला निघाली आणि याल्मार लेकीसमोर एकटा उरला. स्वेया आजवर आईशिवाय झोपली नव्हती. गाणी झाली, येरझारा झाल्या. शेवटी त्याने तिला खांद्यावर घेऊन गिरणीतल्या करवतीचा आवाज काढला, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला. मग तिला लोकरीत गुंडाळून, इथे थंडीतही सगळेच बाळांना बाहेर मोकळ्या हवेत झोपवतात तशी, बाबागाडी अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली ठेवली.

कॉफी ओतताना त्याने खिडकीतून पाहिलं, तर झाडाखाली एक भलीथोरली मूस मादी! पडलेली सफरचंदं मटामटा खात, गाडीपासून चार हातांवर.

बंदूक कपाटात. पण तिची आठवण कुणाला? याल्मार ओलं फडकं घेऊन नुसत्या मोज्यांवर बाहेर आला आणि गाडी आणि मादीच्या मध्ये उभा राहिला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

"दाजी, खडकावर बसून बूड गारठलं! एक शेपूट दिसेना. तुमच्याकडे काय?"

"हळू बोल, मेल्या," याल्मार कुजबुजला. "एक झोपलीय, एक जेवतेय."

"कोण आलंय?"

"पाहुणी."

मादीने आणखी एक सफरचंद चघळलं, त्या फडक्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं आणि कुंपण ओलांडून डुलत निघून गेली. गाडीत स्वेया जागी झाली. रडली नाही. बापाला पाहून हसली आणि तिने दोन्ही हात वर केले. आजवर हे हात फक्त आईसाठी वर जात.

"दाजी, ऐकताय ना? उद्या तुम्ही या, खडक तुमचा."

"उद्या नाही जमायचं रे," लेकीला उचलत याल्मार म्हणाला. "तूच सांभाळ तो. आम्ही दोघं इथे फार कामात आहोत."