पाच ऑगस्ट की आठ मे

डोळे मिटले की आजही ती यादी समोर येते. तेव्हा मी गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पाच ऑगस्टला सागाची चोरटी वाहतूक अडवणाऱ्या वनरक्षकाचं डोकं फुटलं. माल पिकअपमधून गेल्याची खबऱ्याची टीप होती. जंगलनाक्यावर नुकताच संगणक आला होता. तिथून ०५/०८ ची यादी मागवली. तीत एकच पिकअप निघाली, चिचगडच्या एका चालकाची. त्याला अटक करून पोलीस कोठडी घेतली.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "साहेबजी, मी त्या दिवशी बांधीत धानाच्या रोवन्यात होतो."

"मशीन खोटं बोलत नाही," मी दरडावलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको धानाच्या बांधीतून तशीच, चिखलाच्या पायांनी डबा घेऊन आली. टेबलावरच्या यादीतल्या नवऱ्याच्या नावावर तिने बोट ठेवलं. पुढे लिहिलं होतं, माल : तेंदूपत्ता.

"भर पावसात तेंदूपत्ता कोन तोडते जी? तो तं मे महिन्यातच संपते."

हवालदार हसला. मी यादी पुन्हा जवळ ओढली. ती ओळ मी दहा वेळा वाचली होती.

जिल्ह्याच्या संगणक कक्षातल्या मॅडमना जीपमधून नाक्यावर नेलं. पाच मिनिटांत त्या म्हणाल्या, "सर, इसकी सेटिंग अमेरिका की है. तिकडे महिना आधी लिहितात. तुम्ही पाच ऑगस्ट मागितला, याने आठ मे दिला."

"मग आजवर कोणाला कळलं कसं नाही?"

"तेरावा महीना होता नहीं ना, सर. तेरा तारखेपासून हा गपचूप सुलटं वाचतो. बारापर्यंत उलटं."

मी थक्क होऊन त्या पडद्याकडे बघत राहिलो. असा सराईत आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मॅडमनी महिना अक्षरांत लिहून पुन्हा विचारलं, आणि खऱ्या पाच ऑगस्टच्या यादीत दुसरीच पिकअप निघाली. तिच्या मालकाने संध्याकाळीच कबुली दिली.

चिचगडच्या चालकाला कोर्टात अहवाल पाठवून सोडवलं. त्याची बायको शांतपणे म्हणाली, "तीन दिवस माह्या मानसाले विचारून राहिले होते. मशीनले एकडाव तं विचाराचं होतं."

मी हात जोडले. त्यानंतर एकही यादी मी विचारल्याशिवाय खरी मानली नाही. त्यांची अर्धी बांधी मात्र त्या साली रोवायची राहून गेली.