डाव्या बाजूचं चाक

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गाड्या एकीमागे एक लागतात. आतली काढायची तर बाहेरची हलवावी लागते, म्हणून सगळ्यांच्या चाव्या गाड्या धुणाऱ्याकडे. अकरा वर्षं एकच माणूस होता. मालवणकडचा, माझ्यासारखाच पन्नाशीतला. त्याचं काम माझ्यामुळे गेलं. कसं गेलं, ते मी कित्येक महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सुरुवात डाव्या पुढच्या चाकापासून झाली. अलॉयची कड घासून खरखरीत झाली होती. मी साकीनाक्याहून सामान आणलं आणि एका रविवारी चाक काढून लिफ्टने गच्चीवर नेलं. धुतलं, ओल्या सँडपेपरने घासलं, खड्ड्यांत पुट्टी भरली. टायर आणि रिमच्या फटीत खेळायचे पत्ते खोचले, म्हणजे टायरवर रंग उडत नाही. प्रायमर, मग काळपट करडा, त्यावर चंदेरीचा एक उडता हात, शेवटी लॅकर. तयार डब्यात न मिळणारा रंग जमला होता.

"झकास झाला, साहेब," दुसऱ्या दिवशी गाडी धुताना तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी बघतो तर कडेला बोटभर ओरखडा.

संध्याकाळी ऑफिसातून मी अंधार पडल्यावर यायचो, चाकाकडे बघणं व्हायचंच नाही. ओरखडा दिसायचा तो सकाळी, त्याने गाड्या हलवल्यावर. मला तेवढं पुरलं. त्याचं ते 'झकास'सुद्धा मला खवचट वाटायला लागलं. मी बाल्कनीतून नजर ठेवू लागलो. एका हाताने स्टिअरिंग फिरवत, दार उघडं ठेवून, मान बाहेर काढून तो गाडी मागे घ्यायचा. माणूस इतका निवांत कसा, असं वाटून माझा संशय वाढायचा. दुसऱ्यांदा चाक रंगवलं. आठवड्यात पुन्हा तेच.

मी कमिटीकडे गेलो. त्याला बोलावलं.

"मी कित्याक घासतलंय, साहेब? हयंच पुढे-मागे करतंय. भायर नेतंय खंय?"

"मग चाक काय आपोआप घासतं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो.

सेक्रेटरी म्हणाले, चाव्या ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. त्याने चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि गेला. बायको घरी म्हणाली, "अहो, अकरा वर्षांत त्याने कुणाची गाडी ठोकली नाही." मी टीव्ही लावला.

तिसऱ्यांदा चाक रंगवलं. नवा माणूस मिळेपर्यंत चावी माझ्याच खिशात होती. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता. नवव्या दिवशी ओरखडा आला.

त्या दिवशी अंधेरीला, ऑफिसच्या तळघरात, गाडी लावून मी पहिल्यांदा खाली वाकून बघितलं. माझ्या जागेच्या डावीकडे खांब आहे, खांबाभोवती वीतभर उंच सिमेंटची कड. कडेवर करडा रंग होता. चंदेरीची झाक असलेला, माझा. एकावर एक तीन पट्टे.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. घरी बोललो नव्हतो, गाडी बंद होईल म्हणून.

खरं तर तिथूनच सेक्रेटरींना फोन करायला हवा होता. मी काय केलं? डिकीतून थिनर काढला आणि फडक्याने ती कड पुसली. आमच्या सोसायटीतलं कुणी तिथे कधीच येणार नव्हतं. तरी पुसली, दोनदा.

आणि त्या रविवारी चौथ्यांदा चाक गच्चीवर नेलं.

"आता तो नाही ना? मग परत कशाला?" बायको मागून वर आली होती.

"लॅकर उठला. हवा दमट आहे."

ती थोडा वेळ चाकाकडे बघत राहिली आणि दोरीवरचे कपडे काढून घेऊन खाली गेली. तेव्हापासून मला तिचाच संशय यायला लागला, की हिला कळलंय. तिने साधं "गाडी नेताय का?" विचारलं तरी मी सावध व्हायचो.

पुढे ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दोन आठवड्यांनी त्याला शोधत घाटकोपरला गेलो. तिथल्या एका सोसायटीत तो काचा पुसत होता. मी सगळं सांगितलं, थिनरसकट. त्याने फडका पिळला.

"माका सांगून काय होतला, साहेब? थंय कमिटीत सांगा. माझा नाव ऐकल्यार तुमच्या बाजूच्या सोसायटीत माझ्या मेवण्याक ठेवल्यानी नाय."

मेवणा म्हणजे मेहुणा. माझ्या ओरखड्याची झळ त्याच्याही घरापर्यंत गेली होती.

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं. कुणीतरी हसलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो जाऊ द्या ना आता, जुनं झालं."

"त्याला काढल्याचं रजिस्टरमध्ये लिहिलंय. हेही लिहा. आणि बाजूच्या सोसायटीला पत्र द्या."

त्यांनी नाइलाजाने पेन काढलं आणि लिहिताना वाचत गेले, "सभासदांच्या गैरसमजामुळे..."

"गैरसमज पहिले तीन आठवडे होता," मी म्हणालो. "त्यानंतरचे सात महिने मला माहीत होतं. तसंच लिहा."

बायको दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सेक्रेटरींनी आधीची ओळ खोडली आणि विचारलं, "सात, की आठ?"