अण्णांनी चहा सोडला तेव्हा

आमच्या अण्णांनी चहा सोडला आणि अख्ख्या नेवासा तालुक्यातून मला स्थळं यायला लागली.

या दोन गोष्टींचा संबंध आहे. तो माझ्या लक्षात यायला महिना लागला, आणि मी तर प्रशिक्षित हेल्थ कोच होते! (प्रशिक्षण तसं आटोपशीर होतं, पण प्रमाणपत्र चांगलं मोठं होतं.) त्याआधी मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. हुंड्याविरुद्ध, तंबाखूविरुद्ध, 'मुलगी बघणे' या बाजारू प्रथेविरुद्ध. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह! असं! त्यामुळे सोनईजवळच्या एका दूध डेअरीला कर्मचाऱ्यांचं आरोग्य सुधारायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा संघटनेनं मला पाठवलं. (संघटनेला थोडी शांतता हवी होती, असंही काही जण म्हणतात.)

त्याच डेअरीचा टेम्पो आमचे अण्णा चालवतात. गावोगावच्या केंद्रांवरून दुधाचे कॅन उचलायचे आणि डेअरीत आणायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून जायचे. कॅन चढेपर्यंत चहा यायचा. अण्णांना कपात, मला बशीत. धारोष्ण दुधाचा, आलं ठेचलेला, आणि इतका गोड की ओठाला ओठ चिकटायचा! पुढचं गाव आलं की पुन्हा तेच. दूध, डिझेल आणि आलं यांचा एकत्र वास आला की आजही मी चौथीत जाते.

त्याच चहानं अण्णांची शुगर चढवली. डेअरीतल्या तपासणीत आकडा निघाला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी सरळ सांगितलं, "अण्णा, तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. शुगर उतरली नाही तर टेम्पोची चावी द्यायची आणि गेटवर बसायचं." अण्णा घरी आले आणि टेम्पो धुवायला घेतला. (सकाळीच धुतलेला होता.)

मी पेटले! दुसऱ्या दिवशी डेअरीच्या शेडमध्ये सगळ्यांना गोळा करून भाषण ठोकलं. "साखर हे गोड विष आहे! चहा ही गुलामी आहे! फोडा त्या कपबशा!" (कँटीनच्या मावशींनी घाईघाईनं कपबशा आत नेल्या.) कोचिंगच्या पुस्तकात लिहिलं होतं की माणसाला विचारावं, त्याचं ऐकावं, त्याचा मार्ग त्याला सापडू द्यावा. ते पान मी बहुधा जेवणाच्या सुट्टीत उलटलं होतं.

घरी अण्णांना बजावलं, "उद्यापासून वाटेत कुठंही चहा घ्यायचा नाही!"

"अगं, मान्सं आग्रह करत्यात."

"ठाम नकार द्या!"

"बरं," अण्णा म्हणाले.

आणि गंमत सुरू झाली. बाजारात एका केंद्रावरच्या काकूंनी मला गाठून विचारलं, "बाई, उंची किती गं तुजी?" दुसरीनं माझं मनगट चाचपलं. मला वाटलं, वजन-उंचीबद्दल जनजागृती होतेय! मी त्यांना एकेक पत्रक दिलं.

मग तो शनिवार उजाडला. शेडमध्ये माझं सत्र चालू होतं. मागं एक धिप्पाड तरुण आणि शेजारी फेटा बांधलेले एक काका बसलेले. मी समजले, नवीन भरती.

"तुम्ही! नाव?"

तरुण ताडकन उभा राहिला. "संतोष."

"वजन?"

"असंल... नव्वदच्या आसपास."

"जास्त आहे! तंबाखू?"

त्यानं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "सांग, सांग. आत्ताच सांगून टाक, मागनं भानगड नगं."

"कवातरी. दोस्तांत."

"सगळे असंच सांगतात! पोट साफ होतं का?"

"हुतं की."

"रोज?"

"व्हय, ताई."

काकांनी त्याला कोपरानं ढोसलं. "आरं येड्या, ताई काय म्हनतो!"

मी खूश! कोच आणि कर्मचारी यांच्यात असली नाती नकोतच! "छान. आता उठाबशा काढा!"

त्यानं काढल्या. दम लागला, घाम फुटला, पण काढल्या. शेडनं टाळ्या वाजवल्या. मग काका उठले आणि दाराआड उभ्या असलेल्या आमच्या अण्णांकडे बघून म्हणाले, "पाव्हनं, पोरगी लई चौकस हाय. आमाला पसंत हाय!"

म्हणजे 'मुलगी बघणे' प्रथेविरुद्ध पत्रक लिहिणारी मी, अख्ख्या डेअरीसमोर, स्वतःच रंगवलेल्या 'साखर हे गोड विष' या पोस्टरखाली, रीतसर दाखवली गेले होते! धिक्कार असो! (मुलगाही मी रीतसर बघितला होता, हे आईनं नंतर ध्यानात आणून दिलं.)

"अण्णा! हा काय प्रकार आहे?" घरी पाऊल टाकताच मी ओरडले.

अण्णा शांत. "पैल्या दिशी सांगितलं, शुगर हाय, चहा नगं. तर म्हनले, 'घ्या वो आण्णा, अर्ध्या कपानं काय हुतंय!' घोटभर घोटभर करत समदे कप झाले. दुसऱ्या दिशी निस्तं म्हनलं, चहा सोडलाय. तवा केंद्रावरली म्हातारी म्हनली, 'पोरीचं लगीन जमंपत्तूर व्हय?' मी मान हालवली. झालं! त्या दिसापासनं कुनी कप म्होरं केला न्हाई. शुगरला कुनी भीत न्हाई गं. नवसाला भित्यात."

"हे खोटं आहे! अंधश्रद्धा आहे! मी उद्या केंद्राकेंद्रावर जाऊन सांगणार!"

"सांग की." अण्णांनी खिळ्यावरची टेम्पोची चावी काढून माझ्यापुढं ठेवली. "मंग ही बी सायबाला दिऊन ये."

चावीला माझ्या शाळेतल्या लाल रिबिनीचा तुकडा बांधलेला होता. मळून काळा झालेला. मी गप्प बसले. (आतून आई म्हणाली, "देवा, पावलास रे बाबा!")

आणि मग साथच आली! बॉयलरवरच्या शिंदेकाकांनी 'ताईचं लगीन जमंपत्तूर' तंबाखू सोडली. दुधाची फॅट तपासणाऱ्या भाऊंनी वडापाव सोडला. कँटीनच्या मावशी नवऱ्याशी भांडण सोडणार होत्या, पण ते जमेना म्हणून त्यांनी बिनसाखरेचा चहा सुरू केला. माझ्या गर्जनांनी जे झालं नाही, ते माझ्या न जमलेल्या लग्नानं केलं!

तीन महिन्यांनी अण्णांची शुगर उतरली. चावी खिळ्यावरच राहिली. साहेबांनी माझा सत्कार केला आणि नारळ देताना हळूच म्हणाले, "मॅडम, एक विनंती. एवढ्यात घाई करू नका."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. अजूनही कधीकधी मी केबिनमध्ये अण्णांच्या शेजारी बसून जाते. गाव येतं, कॅन चढतात. अण्णांना तांब्याभर पाणी येतं, मला चहा. मी तो बशीत ओतून पिते. कुणीतरी विचारतं, "ताई, जमलं का कुटं?" मी म्हणते, "नाही." आणि समोरच्या चेहऱ्यावर लपवता न येणारं समाधान पसरतं.

आता अडचण अशी आहे की संघटनेतल्या एका मुलाला मी आवडते, आणि मलाही तो. परवा त्यानं विचारलं, घरी कधी सांगायचं? आणि 'माझं लग्न, माझाच निर्णय!' हे पत्रक गावोगाव वाटलेली मी त्याला म्हणाले,

"थांब रे जरा. डेअरीचे रक्ताचे रिपोर्ट येऊ देत."